शिसं वितळत का नाही?

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. धातूंच्या जगात ही अगदीच किरकोळ उष्णता; तांब्याला १,०८५ अंश लागतात, लोखंडाला १,५३८. आता .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा चाप ओढल्यावर काय होतं ते पाहा. पुंगळीतली दारू पेटते आणि तिच्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या बरंच वर जातं. दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोन हजार पटींहून अधिक होतो. या भट्टीच्या तोंडाशी, मध्ये कसलाही आडोसा नसताना, उघड्या शिशाची गोळी बसलेली असते. तरीही ती नळीतून बाहेर पडते ती अखंड. वाळूच्या ढिगातून अशी गोळी परत मिळवली, तर तिच्या बुडावर दारूच्या कणांनी पाडलेले बारीक खळगे दिसू शकतात. साच्याने दिलेली बुडाची कड बहुधा शाबूत असते. वितळल्याची खूण सहसा नसते.

अमेरिकेत शिशाच्या गोळ्या स्वतः ओतायच्या आणि काडतुसंही स्वतःच भरायची, अशी जुनी परंपरा आहे. स्वतःच्या वापरापुरतं हे काम तिथल्या केंद्रीय कायद्याला मान्य आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे, तेव्हा हा लेख कृतीसाठी नाही. पण त्या लोकांनी सव्वाशे-दीडशे वर्षं एका मऊ धातूशी झुंजत जे शोधून काढलं, ते कोणत्याही जिज्ञासू माणसाला भुरळ घालेल असं आहे.

वितळत नाही याचं कारण वेळ. रिव्हॉल्व्हरच्या नळीत गोळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच असते. उष्णतेला धातूत शिरायला वेळ लागतो, आणि शिशात तिचा वेग किती ते मोजता येतं: एवढ्या अवधीत ती जेमतेम ०.१५ मिलिमीटर आत पोचते. म्हणजे गोळीच्या पृष्ठभागाला आगीची फक्त चाहूल लागते, तोवर गोळी निघून गेलेली असते.

मग नळीत शिसं साचतं ते कशाने? साचतं तर खरंच. दहा-वीस गोळ्या झाडल्यावर नळीच्या आतल्या, गोळीला गिरकी देणाऱ्या पिळदार खाचांमध्ये शिशाची राखाडी साय धरते, नेम ढळू लागतो आणि ती साय खरवडून काढावी लागते. पुष्कळांना वाटतं की शिसं मऊ म्हणून घासलं जातं, तेव्हा कठीण शिसं वापरावं. हे अर्धंच खरं आहे. खरा चोर आहे गळती. गोळी आणि नळी यांच्यामध्ये केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट राहिली, तर तो तापलेला, प्रचंड दाबाखालचा वायू तिच्यातून पुढे घुसतो. बुडाला सगळीकडून सारखा लागणारा वायू निराळा आणि एका चिमुकल्या फटीतून झोत होऊन सुटणारा वायू निराळा. हा झोत गोळीची बाजू कापत जातो आणि कापलेलं शिसं पुढच्या नळीवर शिंपडत जातो. म्हणून जाणकार गोळी नळीच्या खाचांच्या व्यासापेक्षा इंचाच्या एक हजारांश भागाने मोठी ठेवतात. .३५७ ची नळी असेल तर गोळी .३५८ ची. हा जादा भाग मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा. एवढ्याशा मापावर सगळं अवलंबून आहे.

फट बंद करण्याची ही धडपड जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या देशातून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅप्टन जॉन नॉर्टन हा ब्रिटिश अधिकारी दक्षिण भारतात होता. तिथे फुंकनळीतून मारायचे बाण त्याच्या पाहण्यात आले, असं सांगतात. बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे. फुंकर बसली की तो गाभा फुगून नळीला चिकटे आणि हवा वाया जात नसे. त्यावरून त्याने पोकळ बुडाची लांबट गोळी सुचवली. वरिष्ठांना ती पटली नाही. १८४९ मध्ये फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनीए याने पोकळ बुडात लोखंडी वाटी बसवलेली गोळी पुढे आणली, आणि पुढे अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जेम्स बर्टन याने ती वाटीही काढून टाकली. नुसत्या वायूच्या दाबानेच शिशाचं पातळ बूड फाकून खाचांत घट्ट बसतं, हे त्याने दाखवलं. नळीपेक्षा लहान गोळी तोंडाकडून सहज आत सोडायची आणि बार उडाला की ती आपोआप मोठी व्हायची! शिशाचा मऊपणा इथे दोष उरत नाही. तोच यंत्राचा हलता भाग होतो.

त्याच कुळातली गोळी १८५३ च्या एनफिल्ड रायफलीबरोबर हिंदुस्थानात आली, आणि तिच्यासोबत काडतुसाच्या कागदाला लावलेलं वंगण आलं. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या शस्त्रागारातून गाय-डुकराच्या चरबीची बातमी फुटली. पुढचं प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. शाळेत आपण ते वंगण कशाचं होतं यावर थांबतो. ते तिथे होतंच का, हे कोणी सांगत नाही. काळी दारू जळली की तिचा अर्ध्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून मागे राहतो. हा कीट वाळला की नळी इतकी आवळते की पुढची गोळी आत ढकलता येत नाही. चरबी आणि मेण तो कीट ओलसर, मऊ ठेवतात. शिपायांनी स्वतःच तूप किंवा मेण-तेल लावावं, अशी मुभा नंतर देण्यात आली. यांत्रिकदृष्ट्या त्याने काम भागलं असतं, पण विश्वास उडालेला होता. आजही शिशाच्या गोळीच्या अंगावर एक खोबण कोरलेली असते आणि तिच्यात वंगण भरतात. अमेरिकेतली सर्वांत नावाजलेली कृती म्हणजे मधमाशीचं मेण आणि अॅलॉक्स नावाचं गंजरोधक रसायन, दोन्ही समभाग.

शुद्ध शिसं मात्र मॅग्नमला पुरत नाही. ब्रिनेल मोजपट्टीवर त्याचा कठीणपणा फक्त ५ च्या आसपास. एवढ्या दाबाखाली ते खाचांचा पीळ न जुमानता सरळ घसरू पाहतं. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. अँटिमनी कठीणपणा देते. कथलाचं मुख्य काम वेगळंच आहे: ते रसाला साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरायला लावतं. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कथलाचा तुकडा टेकवून कापसाचा बोळा फिरवतो आणि क्षणात सगळं पातेलं आतून चकाकतं, ते ज्याने पाहिलं आहे त्याला कथलाची ही पसरण्याची हौस वेगळी समजावून सांगायला नको. साच्यात हीच हौस गोळीच्या कडा धारदार उमटवते.

शिसं, कथील, अँटिमनी. हे त्रिकूट छापखान्यातल्या कोणालाही ओळखीचं वाटेल, कारण खिळ्यांचा धातू हाच. जावजी दादाजींनी मुंबईत स्वतःच्या कारखान्यात देवनागरी खिळे पाडले आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्या नेटक्या वेलांट्या आणि उकार ज्या मिश्रणातून उमटले, त्याचाच जवळचा भाऊ म्हणजे लायनोटाइप यंत्राचा धातू: सुमारे ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील, कठीणपणा २२ च्या आसपास. छपाई ऑफसेटवर गेली तेव्हा अमेरिकेतल्या छापखान्यांचा पुष्कळ टाकाऊ धातू गोळ्या ओतणाऱ्यांच्या भांड्यात गेला. मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावतात ती शिशाची वजनंही त्यांनी गोळा केली. त्यांचा कठीणपणा १२ च्या सुमाराचा. छपाईचा एक धातू अक्षरांतून गोळ्यांकडे जावा ही गोष्ट मला अस्वस्थ करते आणि खिळवूनही ठेवते.

या मिश्रणाचा स्वभाव तर अजब आहे. साच्यातून निघालेली गरम गोळी थेट पाण्यात टाकली, तर ती लगेच नाही, पण पुढचे कित्येक तास आणि दिवस कठीण होत राहते. कोणी हातही न लावता. घाईने थंड झाल्यामुळे अँटिमनीचे अणू शिशात जिथल्या तिथे अडकून पडतात. मग ते हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म कण बनवतात आणि स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकताना त्यांना अडथळा करतात. आता हीच कठीण गोळी ठोकली किंवा दाबली, तर ती मऊ होते! तांबं, पितळ, लोखंड ठोकून कठीण होतात. शिशाचं उलटं का? कारण आपण ज्याला खोलीचं तापमान म्हणतो ते शिशासाठी फार गरम आहे. धातूची अवस्था ठरते ती त्याच्या वितळणबिंदूच्या प्रमाणात, निरपेक्ष शून्यापासून मोजून. त्या हिशोबाने टेबलावर पडलेलं थंड शिसं वितळण्याच्या जवळजवळ निम्म्या वाटेवर असतं. लोखंडाला त्याच अवस्थेत आणायचं तर ते ६०० अंशांना, अंधारात लालसर दिसेल इतकं तापवावं लागेल. आपल्या हातातलं शिसं नेहमीच भट्टीतलं असतं; आपल्याला ते फक्त जाणवत नाही.

मॅग्नमची कथा या धातूच्या मर्यादा ढकलण्याचीच कथा आहे. आयडाहोतला गुराखी आणि शिकारी एल्मर कीथ (१८९९–१९८४) हा तिचा नायक. त्याने .४५ कोल्टमध्ये जास्त ताकदीची काडतुसं भरून पाहिली आणि काडतुसं बसतात त्या चक्राच्या कप्प्यांच्या भिंती फुटलेल्या पाहिल्या. त्यातून तो .४४ स्पेशलकडे वळला: भोक जरा लहान, म्हणून दोन कप्प्यांमधली भिंत जाड. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने आखलेली .४४ ची गोळी आजही ओतली जाते. सपाट रुंद नाक, धारदार खांदा, सारख्या रुंदीचे पट्टे, चौकोनी वंगणखोबण, सपाट बूड. वजन सुमारे १६ ग्रॅम. तिच्यासाठी कीथ वापरे १६ भाग शिसं आणि १ भाग कथील, म्हणजे कठीणपणा जेमतेम ११. ज्या काडतुसांच्या धक्क्याने लोक बिचकत, त्यांतली गोळी दुकानातल्या आजच्या ‘हार्ड कास्ट’ गोळ्यांपेक्षा कितीतरी मऊ होती. माप बरोबर असलं की मऊ गोळी चालते. माप चुकलं की कठीण गोळीही वाचवत नाही. उलट अतिकठीण गोळीचं बूड दाबाखाली फाकत नाही, आणि फट तशीच राहते.

१९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम आणलं, १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम आलं. या दोन्हींच्या आखणीत एक फार सुज्ञ गोष्ट आहे. .३५७ ची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा आणि .४४ मॅग्नमची पुंगळी .४४ स्पेशलपेक्षा सुमारे एक अष्टमांश इंच लांब केली. ही लांबी मुख्यतः दारूच्या जागेसाठी नव्हती. .३८ स्पेशलचा कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड, .३५७ चा ३५,०००. नवं काडतूस जुन्या, अशक्त रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये, म्हणून ती तीन मिलिमीटरची वाढ. विसरणाऱ्या माणसाला धातूच्या आकारानेच अडवायचं, हा विचार मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर विचार वाटतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीला तीन दारं पार करावी लागतात: कप्प्याचा पुढचा गळा, मग चक्र आणि नळी यांच्यामधली उघडी फट, मग नळीचं निमुळतं तोंड. गळा नळीपेक्षा अरुंद असेल, तर गोळी आधीच दाबली जाऊन बारीक होते आणि नळीत सैल शिरते. कितीही उत्तम मिश्रण असलं तरी मग उपयोग नाही. म्हणून अनुभवी माणूस आधी स्वतःचं शस्त्र मोजतो आणि साचा नंतर विकत घेतो.

रायफलीत प्रश्न वेगाचा आणि गिरकीचा. सेकंदाला २,००० फूट वेगाने जाणारी गोळी, दर १० इंचांना एक वेढा असलेल्या नळीतून निघाली, तर मिनिटाला १,४४,००० फेरे घेत असते. ओतताना आत एक हवेचा बुडबुडा राहिला, डोळ्यांना न दिसणारा, तर वजनाचा मध्य अक्षाबाहेर जातो आणि गोळी वाट सोडते. म्हणून हौशी लोक एकेक गोळी तोलून हलकी भरेल ती पुन्हा भांड्यात टाकतात. मॅसॅच्युसेट्सच्या डॉ. फ्रँकलिन मान यांनी यावर आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली आणि १९०९ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांनी मुद्दाम गोळ्या विद्रूप करून झाडल्या. नाक ठेचलेली गोळी बऱ्यापैकी नेमावर गेली. बूड एका बाजूने कापलेली गोळी भरकटली. नळीचं तोंड सोडताना वायूचा शेवटचा धक्का बुडालाच बसतो आणि ते वाकडं असेल तर तो धक्काही वाकडा बसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयडियल कंपनीच्या जॉन बार्लो यांनी गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी चढवण्याची युक्ती रूढ केली, तिचं महत्त्व इथे कळतं. ती बुडाची कड राखते आणि फटही रोखते.

धोके दोन जागी आहेत. पहिला भट्टीपाशी. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब बुडाला, तर त्याची वाफ होऊन घनफळ सुमारे १,६०० पट होतं आणि भांड्यातला सगळा रस छतापर्यंत उडतो. ओल्या तुकड्यात, घामाच्या थेंबात, भंगारात अडकलेल्या दवात हा धोका लपलेला असतो. म्हणून नवा धातू थंड भांड्यातच टाकतात, चेहरा, हात, पाय झाकतात. शिसं ओतताना त्याची वाफ फारशी होत नाही. विष असतं ते वर तरंगणाऱ्या राखेसारख्या मळीत. ती हाताला लागते आणि हात तोंडाला. त्या जागी खाणंपिणं नाही, मुलं नाहीत, कपडे वेगळे धुवायचे. वाहनांच्या बॅटरीचं शिसं तर वर्ज्यच, कारण त्यातल्या अँटिमनी-आर्सेनिकच्या मळीला ओल लागली की अतिशय विषारी वायू निघू शकतात. चाकांची नवी वजनं बऱ्याचदा जस्ताची असतात. जस्त ४२० अंशांना वितळतं. भांडं त्याखाली राखलं तर ती वजनं तरंगतात आणि उचलून टाकता येतात, वर गेलं तर मिश्रण खिरीसारखं घट्ट होऊन सगळा घाणा वाया.

दुसरा धोका दारू भरण्याच्या मेजापाशी, आणि तो शांत असतो. .३८ स्पेशलची पुंगळी १८९८ ची, काळ्या दारूच्या आकारमानाला साजेशी. आजची धूररहित दारू त्याच कामाला फारच थोडी लागते, त्यामुळे पुंगळी बरीच रिकामी राहते. तिच्यात चुकून दुप्पट माप पडलं तरी ते मावतं. म्हणून पन्नास पुंगळ्या ओळीने ठेवून, दिव्याच्या उजेडात प्रत्येकीच्या आत डोकावल्याशिवाय एकही गोळी बसवायची नाही. दारू अजिबात पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, जोराने गोळी नळीत मध्येच अडकते. आवाज फुसका येतो. त्यानंतर घाईने ओढलेला पुढचा चाप नळी फोडतो. मापं फक्त छापील, तपासलेल्या सारणीतून आणि तिच्यातल्या किमान आकड्यापासून. काही संथ जळणाऱ्या दारूंना तर किमानाखाली नेणंही धोक्याचं. मॅग्नमच्या धक्क्याने चक्रातल्या बाकीच्या काडतुसांतून गोळ्या पुढे सरकून चक्र अडकू शकतं, म्हणून पुंगळीची कड गोळीच्या खोबणीत घट्ट वळवतात. लिव्हर ओढून चालवायच्या रायफलींत काडतुसं नळकांड्यात एकामागे एक रांगेत असतात; तिथे टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकेल, म्हणून सपाट नाक. कीथच्या आणि अशा जुन्या गोळ्यांच्या सपाट नाकाला हे एक वेगळंच समर्थन मिळतं.

आता या धातूपुढे नवा पेच आहे. शिकारीत मरून पडलेल्या जनावराच्या मांसात शिशाचे सूक्ष्म तुकडे राहतात आणि ते खाणारे पक्षी विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियातली कॉन्डर गिधाडं १९८० च्या दशकात नामशेष होण्याच्या काठावर गेली, आणि जंगलात परत सोडल्यावरही शिशाची विषबाधा त्यांच्या मागे लागली. तिथल्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्णपणे बंद केली. मला हा निर्णय योग्य वाटतो. गोळ्या ओतणाऱ्यांपैकी काही जण आता मुद्दाम जस्त ओतून पाहत आहेत, तेच जस्त जे शिशाच्या भांड्यात पडलं तर सगळा घाणा फेकावा लागतो. त्याची घनता शिशाच्या जवळजवळ दोन तृतीयांश, म्हणून त्याच साच्यातली गोळी हलकी निघते. ते दाबाखाली फाकत नाही, आकुंचनही वेगळं. दीडशे वर्षांत जमवलेल्या सारण्या तिथे चालत नाहीत. फट किती, वंगण कोणतं, नळी किती झिजेल, सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं आहे.